हिम्मतरावांच्या दातांतल्या फटी

हिम्मतराव बिरादारांना पेरू मनापासून आवडायचा. पण गेलं वर्षभर असं झालं होतं की पेरू खाल्ला की पुढचा अर्धा तास ते कोणाच्या कामाचे राहत नसत. बिया मागच्या दाढांच्या फटीत जाऊन बसायच्या आणि त्या उकरून काढण्यात त्यांचा सगळा जीव गुंतायचा. मटणाचं तेच, मक्याच्या कणसाचं तेच, मेथीच्या भाजीचं तर विचारूच नये.

सनतनगरला पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपात ते हेड फिटर होते. वय बावन्न. मूळचे भालकीकडचे. घरची कोरडवाहू जमीन भावांनी सांभाळली आणि हे विशीत हैदराबादला आले ते इथलेच झाले. आता सिकंदराबादेत दोन खोल्यांच्या घरात ते आणि पद्मावतीबाई असे दोघंच; मुलगी लग्न होऊन बिदरला गेली होती. फिटर माणसाला हत्यारांची कमतरता नसते, तशी दातांसाठीही त्यांनी तीन हत्यारं जमवली होती. एक, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं पितळी दातकोरणं. त्याच कडीत शेजारी कानकोरणं. दुसरी, टोकाला तासलेली काडेपेटीतली काडी. आणि ही दोन्ही हरली की पद्मावतीबाईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन.

"पिन परत द्या," पद्मावतीबाई म्हणायच्या, "आणि धुऊन द्या."

एका रविवारी पिन परत आली ती धुतलेलीच, पण बेसिन धुवायचं राहिलं होतं. पद्मावतीबाईंनी बेसिनमधलं रक्त पाहिलं आणि नवऱ्याला शर्ट बदलायला सांगितलं.

"कुठं जायचंय?"

"मारेडपल्लीला. पुण्याची एक पोरगी दातांची डॉक्टर झाल्येली, तिनं दवाखाना काढलाय. सुलतान बाजारातल्या मराठी मंडळात बायका सांगत होत्या. रविवारीबी उघडा असतो आणि मराठी बोलते म्हणे."

"माझे दात मराठीत दुखत नाहीत," हिम्मतराव म्हणाले. पण शर्ट बदलला.

शहाण्णव साल होतं ते. पुण्या-मुंबईची कितीतरी तरणी जोडपी तेव्हा कंप्युटरच्या नोकऱ्यांपायी हैदराबादला येऊ लागली होती. डॉक्टर ऋचाही अशीच नवऱ्याबरोबर आलेली. नवरा पुष्कर सकाळी ऑफिसला जायचा आणि ही एका खोलीच्या दवाखान्यात पेशंटची वाट बघत बसायची. तेलुगू येत नव्हतं, हिंदी बोलली की समोरचा दखनीत उत्तर द्यायचा. त्यामुळे दारातून "डॉक्टरबाई हैत का?" असं ऐकू आलं तेव्हा ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

"या या काका, काकू. बसा."

हिम्मतराव बसले. बसताना डावा हात खिशात गेला. ते मुद्दाम करत नसत. नवीन माणूस समोर आला की हात आपोआप आत जायचा. एकोणीस वर्षांचे असताना गावी कडबा कापायच्या यंत्रात त्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याशेजारची. उरलेल्या आठ बोटांवर ते फिटरचं काम शिकले आणि वर्कशॉपात त्यांनी दहा बोटांच्या पोरांना शिकवलंही. तिथं तो हात कोणापासून लपवायची गरज नव्हती. बाहेर मात्र लोक आधी हाताकडे बघत, मग आवाज मऊ करून बोलत. तो मऊ आवाज त्यांना खपत नसे.

ऋचानं तोंड तपासलं आणि विचारलं, "काका, दातांमध्ये अडकलेलं काढायला काय वापरता?"

हिम्मतरावांनी उजव्या हातानं किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या ट्रेमध्ये ठेवला. पद्मावतीबाईंनी बांगडीतली पिन काढून शेजारी ठेवली. ऋचा दोन्हीकडे बघत राहिली.

"हे दातकोरणं. आणि हे शेजारचं?"

"ते कानाचं."

"दोन्ही एकाच कडीत."

"धुतो की बाई," हिम्मतराव म्हणाले.

ऋचाला हसू आवरेना. पद्मावतीबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग ऋचा खुर्ची जवळ ओढून बसली आणि नीट सांगू लागली. दात चांगले आहेत, कीड नाही. पण दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचत नाही, तिथे अन्न राहतं, त्याचा थर बसतो, म्हणून हिरड्या सुजल्या आहेत. पिन आणि पितळ त्या सुजलेल्या हिरड्यांना आणखी टोचतात. थर ती काढून देईल. पण पुढे रोज साफ ठेवणं काकांच्या हातात आहे.

तिनं प्लॅस्टरचा जबडा टेबलावर ठेवला आणि एका छोट्या पांढऱ्या डबीतून हातभर दोरा ओढला. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळला, तर्जनीवर ताणला, दोन दातांमधून हळूच खाली नेला, दाताच्या अंगाला लपेटून वर-खाली केला.

"याला फ्लॉस म्हणतात. जोर लावायचा नाही, नाहीतर हिरडी कापेल. पहिले आठ-दहा दिवस थोडं रक्त येईल, घाबरायचं नाही. जमेल ना?"

"हौ, त्याच्यात काय आहे," हिम्मतराव म्हणाले. डावा हात खिशातच होता.

दोरा घ्यायला ते दोघं नव्या सुपरमार्केटात गेले. पद्मावतीबाई तिथं पहिल्यांदाच येत होत्या. दुकानदार नाही, काउंटर नाही, वस्तू आपल्या हातानं उचलायची आणि नाही पटली तर परत ठेवायची, कोणी काही बोलत नाही, हे त्यांना इतकं आवडलं की साबणाच्या चारच वड्या घ्यायच्या होत्या तर त्यांनी सोळा वड्यांचा वास घेतला. दोऱ्याच्या डब्या सगळ्यात खालच्या फळीवर होत्या, तीन प्रकारच्या: साधा, मेण लावलेला आणि पुदिन्याच्या वासाचा. पद्मावतीबाईंनी पुदिन्याचा उचलला. स्वतःसाठीही एक घेतला. "तुमचं बघून मलाबी वाटायलंय, माझ्या दातांत काय काय असेल कोण जाणे."

पद्मावतीबाईंना तो दोन दिवसांत जमला. दात घट्ट, फटी बारीक, बोटं सुईदोऱ्याला सरावलेली. त्या खिडकीत उभ्या राहून शेजारणीशी गप्पा मारता मारता तो फिरवू लागल्या.

हिम्मतरावांचं तसं नव्हतं. उजव्या हाताला दोरा गुंडाळला की डाव्या हाताचा सुटायचा. डाव्या करंगळीला बांधला तर अंगठा पोचायचा नाही. पुढच्या दातांत कसाबसा जायचा, मागच्या दाढांपर्यंत हात तोंडात मावायचाच नाही, आणि फटी तर मागेच होत्या. एकदा दोरा अडकून अर्धा तास तसाच लोंबत राहिला. गेल्या तेहतीस वर्षांत त्या हातानं त्यांना कधी अडवलं नव्हतं. ज्या कामाला दोन बोटं कमी पडत त्या कामाची ते दुसरी रीत काढत. इथं एका दोऱ्यानं हात टेकायला लावले होते.

एका सकाळी पद्मावतीबाई चहा घेऊन आल्या तर हिम्मतरावांनी दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं, दुसरं उजव्या हातात ताणून धरलं होतं, आणि आ वासून मान पुढे-मागे करत होते. पद्मावतीबाईंनी कपबशी खाली ठेवली, मग स्वतःच खाली बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिम्मतरावांनी त्यांच्याकडे बघितलं, गजाकडे बघितलं, आणि दोरा तोंडात असतानाच तेही हसू लागले.

"डॉक्टरबाईंना सांगा ना पण," पद्मावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"काय सांगू? दोरा ओढता येत नाही म्हणून? नक्को. जमेल हळूहळू."

जमलं नाही. तीन आठवड्यांनी ते पुन्हा ऋचाच्या खुर्चीत बसले तेव्हा थर काढून स्वच्छ केलेल्या जागी पुन्हा सूज होती.

"काका, रोज करता ना?"

"रोज." हे खोटं नव्हतं. दोरा ते रोज काढत, फक्त तो पुढे कुठे जात नसे.

ऋचानं त्यांच्या हातात आरसा दिला आणि डबी पुढे केली. "मला एकदा करून दाखवा. तुमच्या पद्धतीत काहीतरी राहतंय."

हिम्मतराव आरसा धरून बसून राहिले. पद्मावतीबाई हळू म्हणाल्या, "अहो, तो हात काढा की बाहेर."

त्यांनी हात काढला आणि खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. ऋचानं हाताकडे बघितलं. आता आवाज मऊ होणार, म्हणून हिम्मतरावांनी नजर छताच्या पंख्याकडे नेली. पण ऋचाचा आवाज मऊ झाला नाही. उलट तिला स्वतःचाच राग आल्यासारखा तो चढला.

"म्हणजे मी तुम्हाला दोन हातांचं काम दिलं आणि हात बघितलेच नाहीत. तोंड तेवढं बघितलं. चूक माझी आहे काका. कॉलेजात पहिल्याच वर्षी सांगतात, पेशंटला जे जमेल ते निवडा. मी डबी काढली आणि दिली."

हिम्मतरावांना हे नवीन होतं. त्यांनी नजर खाली आणली.

"तुमची चूक नै बाई. मी दाखवला नाही."

"मग आता काय करू शकतो ते बघू. अडचण नक्की कुठे येते?"

असं कोणी विचारलं की हिम्मतरावांमधला फिटर जागा व्हायचा. ते सरळ होऊन बसले. "दोरा दोन्हीकडून ताणून धरायला लागतो. एका हाताला ते होत नाही. आणि हात मागपर्यंत जात नाही." बोलता बोलता थांबले. "हॅक्सॉ," ते म्हणाले.

"काय?"

"हॅक्सॉ हो, लोखंड कापायची करवत. तिचं पातं काय कोणी हातानं ताणून धरतं का? फ्रेम धरते. आपण फक्त मूठ धरायची." त्यांनी ऋचाच्या टेबलावरचं पेन घेतलं. "एक कागद द्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सायकलची स्टीलची तार वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट पकडून वाकवली. शेजारच्या टेबलावर यादगिरी होता, त्यांचा वीस वर्षांपासूनचा सोबती. तो डबा खाता खाता बघत होता. पहिली फ्रेम बघून तो म्हणाला, "हे हिम्मतन्ना, ये घोडे के वास्ते है क्या?" खरंच ती तोंडात मावेना. दुसरी बारीक केली तर दोरा ढिला पडू लागला. मग दोरा ताणायला त्यांनी मुठीजवळ छोटा पंखवाला नट बसवला, हॅक्सॉला असतो तसा. दोन्ही टोकांना कानशीनं खाच पाडली, दोरा सरकू नये म्हणून. कडा पॉलिश पेपरनं इतक्या घासल्या की गालाला लागलं तरी कळू नये. पाचव्या दिवशी तयार झालेली फ्रेम बोटभर लांबीची होती, टोकाला इंग्रजी वायसारखी फुटलेली.

घरी त्यांनी ती आधी पद्मावतीबाईंच्या फणीवर चालवून बघितली. फणीच्या दातांत कणीक दाबली आणि एकेका फटीतून काढली. मग आरशासमोर उभे राहिले, फ्रेम उजव्या हातात धरली आणि मागच्या दाढेशी नेली. दोरा खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला. डावा हात बेसिनवर टेकलेला होता, त्याला काहीच काम नव्हतं.

"गेला?" दारातून पद्मावतीबाईंनी विचारलं.

"गेला." त्या दिवशी त्यांनी सगळे दात दोनदा साफ केले.

पुढच्या रविवारी ऋचानं फ्रेम प्लॅस्टरच्या जबड्यावर चालवली, नट फिरवून दोरा ढिला केला, घट्ट केला, पुन्हा चालवली. एखाद्या पोरीला नवीन खेळणं मिळावं तशी ती खुश झाली होती. परदेशात अशी प्लॅस्टिकची साधनं निघाली आहेत, तिनं पुस्तकात चित्र बघितलं होतं, हेही तिनं सांगितलं. हिम्मतरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. कुठल्यातरी देशात कुठल्यातरी फिटरनं नेमकं हेच डोकं चालवलं होतं, म्हणजे डोकं बरोबर चाललं होतं.

"पण प्लॅस्टिकला दोरा ताणायचा नट असतो का?" त्यांनी विचारलं.

"चित्रात तरी नव्हता."

हिम्मतरावांनी समाधानानं मान हलवली.

मग ऋचानं त्यांचं तोंड तपासलं. पुढच्या हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. मागे मात्र दोन-तीन जागी अजून लाली होती. "इथं तुमच्या फटी रुंद आहेत," ती म्हणाली. "दोरा दोन्ही दातांना लागतच नाही, मधून नुसता निघून जातो. तिथे दुसरं काहीतरी पाहिजे." तिनं ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. दातांचं सामान विकणाऱ्या एजंटनं नमुना म्हणून दिलं होतं. आत इवलेसे ब्रश होते, बाटली धुवायच्या ब्रशासारखे, पण काडीच्या टोकाएवढे. रंगीत दांड्यांचे: गुलाबी, निळा, पिवळा, हिरवा. रंगागणिक जाडी वेगळी.

"यातला कुठला, ते फटीवर अवलंबून. फार बारीक घेतला तर..."

"तर फटीत नुसता हलेल, घासणार नाही," हिम्मतराव म्हणाले.

"आणि जाड घेतला तर..."

"जबरदस्ती करावी लागेल. मग तार वाकेल आणि हिरडी सोलेल. जोर न लावता जाईल, पण ब्रिसल दोन्ही बाजूंना टेकतील, असा पाहिजे. आम्ही पंपाचा शाफ्ट बसवताना हेच बघतो बाई. ढिला नको, टाइट नको. बोटानं ढकलला की गेला पाहिजे."

ऋचानं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि आरसा समोर धरला. "मग तुम्हीच निवडा."

हिम्मतरावांनी पाऊण तास घेतला. एकेक ब्रश एकेका फटीत घालून बघितला. डाव्या दाढेला पिवळा बसला, तिच्यापुढच्या फटीला निळा. उजवीकडे मात्र हिरवाही थोडा हलत होता. "इथं याच्यावरचा नंबर लागेल," ते म्हणाले. ऋचानं कपाटातून एक सुटा जांभळा शोधून काढला. तो आत गेला आणि नेमका बसला. फटीत काही बसणं इतकं सुखाचं असतं हे त्यांना आजवर पंपाच्या बाबतीत माहीत होतं, स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत नव्हतं. पद्मावतीबाईंनी तिन्ही नंबर पर्समधल्या एका कागदावर लिहून घेतले. त्यांना स्वतःला ब्रशाची गरज नव्हती. ऋचानं त्यांचे दात बघून "तुमचा पुदिन्याचा दोराच उत्तम" असं सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या, कारण गुलाबी दांडी त्यांना आवडली होती.

महिनाभरात लाली गेली. पिन बांगडीतच राहू लागली. आणि ती फ्रेम ऋचाच्या टेबलावर राहिली, कारण तिनं ती मागून ठेवून घेतली होती. तिच्याऐवजी हिम्मतरावांनी स्वतःच्या पुढच्या दातांसाठी दुसरी केली, आधीपेक्षा चांगली.

डिसेंबरात ऋचाचा वर्कशॉपात फोन आला. मालकानं हाक मारून बोलावलं. "कोई डॉक्टर है, बोलती फ्रेम होना." तिला एक फ्रेम हवी होती. हिम्मतराव त्या संध्याकाळी सुटल्यावर थेट मारेडपल्लीला गेले.

दवाखान्यात बिल्कीस आपा बसल्या होत्या. उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या बाई, सत्तरीच्या. सांधेदुखीनं दोन्ही हातांची बोटं वाकडी झाली होती. फ्रेम त्यांना पसंत पडली होती, पण बारीक दांडा मुठीत धरवत नव्हता. हिम्मतरावांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले, उजवा आणि डावा, दोन्ही हातांत, आणि मूठ कितपत मिटते ते बघितलं. आपांनी त्यांच्या अर्ध्या पंजाकडे बघितलं. "ये कैसे हुआ?" त्यांनी सरळच विचारलं.

"चारे की मशीन में गया. पचास-साठ साल हो गए समझो."

"झूठ नक्को बोलो, तुमारी उमर उतनी नै है," आपा म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी सायकलच्या दुकानात जाऊन लहान मुलांच्या सायकलची रबरी मूठ आणली. दुकानदाराकडे काळी नव्हती, लाल होती. ती कापून दांड्यावर चढवली, आत कापड भरून घट्ट केली आणि शनिवारी घेऊन गेले. आपांनी आरशासमोर बसून ती तोंडाशी नेली. पहिल्यांदा ती ओठावर आपटली. दुसऱ्यांदा गालाला लागली. ऋचा मदतीला पुढे सरकली, पण हिम्मतरावांनी मानेनंच तिला थांबवलं. आपांनी चष्मा नीट केला, कोपर टेबलावर टेकवलं आणि पुन्हा नेली. दोरा दोन दातांमध्ये शिरला. त्या हळूहळू पुढे गेल्या, एकेक फट, घाई न करता, अगदी शेवटच्या दाढेपर्यंत.

"हो गया," त्या म्हणाल्या. मग आरशातूनच हिम्मतरावांना म्हणाल्या, "मियाँ, एक और होना. मेरी भावज है, नांदेड में. उसके हाथ मेरे से भी खराब हैं. मगर उसका मुँह छोटा है."

"कितना छोटा?"

आपांनी वाकड्या बोटांचा गोल करून दाखवला. हिम्मतरावांनी खिशातून पट्टी आणि पेन्सिल काढली, त्या गोलाचं माप घेतलं आणि ऋचाच्या लेटरपॅडवर आकडा लिहून त्याच्याभोवती चौकट केली.